टनाला आठ औंस

ग्रिनिचला टेम्सच्या काठावर दोन घुमटांची जी देखणी वास्तू आहे, ती म्हाताऱ्या आणि जायबंदी खलाशांना आसरा देण्यासाठी बांधली गेली; तिला ग्रिनिचचं रुग्णालय म्हणत. १६९४ साली तिची सनद निघाली, आराखडा क्रिस्टोफर रेनचा, आणि काम रेंगाळत रेंगाळत अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललं. तिथे जाणारे लोक खांब बघतात, रंगवलेल्या दालनाचं छत बघतात. बघण्यासारखं आहेच ते. पण ही वास्तू पुरी झाली आणि आतल्या खलाशांच्या ताटात अन्न पडत राहिलं, त्यात दूर उत्तरेतल्या शिशाच्या खाणींचा वाटा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण हा विषय माझ्या धंद्याला अगदी खेटून आहे.

मी धातुपरीक्षक आहे. खनिजात किती चांदी, किती सोनं, हे सांगणं माझं पोटापाण्याचं काम. इंग्लंडच्या उत्तरेतल्या टाइन नदीच्या खोऱ्यात राहायला आल्यापासून इथल्या जुन्या जहागिरींचे हिशेब आणि कारभाऱ्यांची पत्रं वाचायचा नाद लागला. स्थानिक इतिहासाच्या वेडाने झपाटलेल्या स्वयंसेवकांनी त्यातली कितीतरी पत्रं वाचून, उतरवून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. वाचता वाचता एक गोष्ट मला पक्की पटली. अठराव्या शतकातली इथली जमीनदारी समजून घ्यायची तर शेतापासून नाही, भट्टीपासून सुरुवात करावी लागते. कुळांचा खंड, रानातलं लाकूड, ओढ्याचं पाणी, माळावरचं पीट (कुजलेल्या वनस्पतींचं मातीसारखं जळण), तट्टांची वाहतूक ही सगळी एकाच चोपडीतली खाती होती. आणि ती चोपडी फिरून फिरून एका बारीक प्रश्नावर येऊन थांबायची: या शिशात टनामागे चांदी किती?

आधी ही जहागीर खलाशांच्या पदरात कशी पडली ते सांगते. ती रॅडक्लिफ घराण्याची. जेम्स रॅडक्लिफ हा डर्वेंटवॉटरचा तिसरा अर्ल. आईकडून दुसऱ्या चार्ल्स राजाचा नातू, धर्माने कॅथलिक, आणि परागंदा स्टुअर्ट राजपुत्राबरोबर फ्रान्समध्ये वाढलेला. १७१५ साली गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने बंड झालं, त्यात तो उतरला. प्रेस्टनला बंडखोरांनी शरणागती पत्करली आणि २४ फेब्रुवारी १७१६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वय अवघं सव्वीस. त्याच सुमारास उत्तरेच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश असा काही पेटला की इथले लोक पुढे कित्येक पिढ्या त्याला 'लॉर्ड डर्वेंटवॉटरचे दिवे' म्हणत राहिले. माणूस लोकांना प्रिय होता, हे त्यातून कळतं.

जमीन मात्र लगेच सरकारजमा झाली नाही. लग्नाच्या करारात ती मुलाच्या नावे बांधलेली होती, आणि अशा बांधलेल्या वारशाला इंग्लंडचा कायदा सहजी हात लावत नसे. मुलगा १७३१ साली वारला. त्याच्यानंतरचा वारस म्हणजे अर्लचा भाऊ चार्ल्स. तोही बंडात दोषी ठरलेला, तुरुंगातून निसटून परदेशी पळालेला. आता मार्ग मोकळा झाला. १७३५ साली पार्लमेंटने कायदा करून या जहागिरीचं उत्पन्न ग्रिनिचच्या रुग्णालयाला दिलं. चार्ल्स पुढे पुन्हा पकडला गेला आणि १७४६ मध्ये त्याचंही डोकं उडवलं गेलं.

तर अशा रीतीने लंडनमध्ये बसलेलं रुग्णालयाचं मंडळ जवळजवळ तीनशे मैलांवरच्या मुलखाचं जमीनदार झालं. टाइनच्या खोऱ्यातलं डिल्स्टन, लँग्लीचा परगणा, केझिकजवळचं डर्वेंटवॉटर सरोवराकाठचं रान, आणि पेनाइन डोंगरात उंचावर ॲल्स्टन मूर. मंडळातल्या बहुतेकांनी हा मुलूख कधी डोळ्यांनी पाहिलाही नसेल. त्यांच्या वतीने इथे दोन कारभारी असत. शेतं भाडेपट्ट्याने द्यायची, न्यूकॅसलच्या वर्तमानपत्रात जाहिरात करायची, वर्षातून दोनदा खंड गोळा करायचा, कुंपणं, भिंती, पूल, पाणचक्क्या दुरुस्त ठेवायच्या, कुळाने शेतात चुना टाकला की नाही ते बघायचं, झाडं मोजायची, नवी लावायची. नॉर्थंबरलंडमध्ये एकवीस वर्षांचा पट्टा ही चांगली रीत होती. एवढी मुदत हातात असली की कूळ जमिनीत पैसा घालायला कचरत नाही. आणि लहानसहान गोष्टीलासुद्धा लंडनची मंजुरी. पत्र जायला काही दिवस, मंडळाची बैठक भरेपर्यंत आणखी काही, उत्तर यायला पुन्हा तेवढेच.

या व्यवस्थेत तोटे झाले ते झालेच. सरोवराकाठच्या क्रो पार्कमधले जुने ओक शतकाच्या मध्याला तोडून विकले गेले. कवी टॉमस ग्रे १७६९ साली तिथे आला तेव्हा त्याला खडबडीत कुरण आणि जमिनीत राहिलेली मोठमोठी मुळं दिसली. डिल्स्टनचा रॅडक्लिफांचा वाडा १७६० च्या दशकात पाडला; आज तिथे जुन्या बुरुजाचे अवशेष आणि छोटं प्रार्थनाघर उरलंय. ओक तोडणं मला अजून खुपतं. बांधकामाला पैसा हवा होता हे कबूल, पण जो जमिनीवर राहत नाही त्याला झाड म्हणजे नुसता लाकडाचा भाव दिसतो, आणि इथे तेच झालं.

१७६४ च्या अखेरीस या दोन कारभाऱ्यांपैकी एका जागेवर जॉन स्मीटन आला. एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधणारा, पाणचक्क्यांवरच्या प्रयोगांसाठी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळवलेला तोच स्मीटन. एवढा मोठा स्थापत्य अभियंता कुळांच्या खंडाची वसुली करत होता, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. या जहागिरीचा अर्धा कारभार म्हणजे पाण्याचाच कारभार होता. खाणीतलं पाणी बाहेर काढायचं, ओढ्याचं पाणी चाकावर आणायचं, नदीचं पाणी शेतात घुसू द्यायचं नाही. १७७१ च्या नोव्हेंबरात टाइनला असा पूर आला की नदीवरच्या पुलांपैकी एकटा कॉरब्रिजचा पूल तगला. अशा मुलखात कारभारी नेमायचा तर पाणी कळणाराच नेमावा.

आता शिशाकडे येते.

ॲल्स्टन मूरच्या खाणी रुग्णालय स्वतः खणत नव्हतं. त्या मक्त्याने दिलेल्या होत्या. सगळ्यात मोठा मक्तेदार म्हणजे लंडन लेड कंपनी. १६९२ ची सनद, चालवणारे क्वेकर पंथाचे, म्हणून लोक तिला क्वेकर कंपनी म्हणत. रुग्णालय जमिनीचं मालक म्हणून खनिजाचा पाचवा हिस्सा घ्यायचं. पैसा नाही, खनिजच. खाणीतून आलेला माल कुटून, धुऊन, दगडमाती वेगळी करून शिशाचं काळं चकचकीत खनिज उरलं की ते मोजायचं. माप होतं बिंग, म्हणजे आठ हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट म्हणजे साधारण पन्नास किलो). तट्टाच्या पाठीवर दोन पोती, पोत्यात एक हंड्रेडवेट, चार तट्टं मिळून एक बिंग. दर पाचव्या बिंगावर रुग्णालयाचा हक्क.

ऐकायला सोपं आहे. पण ज्याने खनिज हाताळलंय त्याला इथली गोम लगेच कळेल. पाचवा ढीग बाकीच्या चार ढिगांसारखाच आहे हे कोण ठरवणार? एक ढीग नीट धुतलेला, दुसऱ्यात दगड राहिलेला, तर वजन तेच आणि शिसं कमी. एका शिरेचं, म्हणजे खडकातल्या खनिजाच्या एका पट्ट्याचं, खनिज चांदीने जड, शेजारच्या शिरेचं जवळजवळ कोरडं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून धुण्याच्या जागी मालकाचा माणूस उभा लागतो, आणि त्याच्याही मागे परीक्षक लागतो. थोडासा नमुना घ्यायचा, तो अख्ख्या ढिगाचा प्रतिनिधी असेल असा निवडायचा, मुशीत वितळवून त्यातलं शिसं काढायचं, मग शिशातली चांदी काढायची. हे काम तेव्हा ज्या पद्धतीने चालायचं, तिच्या मुळाशी असलेली पद्धत मी आजही वापरते.

वाट्याला आलेलं खनिज गाळण्यासाठी रुग्णालयाने १७६७-६८ मध्ये हेडन ब्रिजच्या दक्षिणेला लँग्ली इथे स्वतःची भट्टी उभारली. जागा फार विचाराने निवडलेली दिसते. ॲल्स्टनहून तट्टं डोंगर उतरून येतील, पलीकडे स्टब्लिकला दगडी कोळसा, आसपास पीटचे माळ, आणि तयार शिसं पुढे न्यूकॅसलच्या धक्क्याकडे. नुसतं खनिज विकलं की भाव मक्तेदार आणि व्यापारी ठरवणार. स्वतः गाळलं तर शिशाचा आणि चांदीचा भाव आपल्या हातात. पट्टेदार शेतकऱ्यांच्या खंडावर वाढलेल्या जमीनदाराने भट्टीवाला व्हायचं ठरवावं, ही त्या काळी इथे मुळीच अजब गोष्ट नव्हती.

ही भट्टी म्हणजे आज आपल्या डोळ्यांसमोर येते तसं अवाढव्य धूड नव्हे. दगडी कमानीखाली लोखंडी ठोकळ्यांनी बांधलेली बुटकी चूल. मागून पाणचक्कीवर चालणारा भाता फुंकर घालतोय. आत पेटलेलं पीट, थोडा कोळसा, आणि वरून पसरलेलं खनिज. दोन माणसं समोर उभी. थोड्या थोड्या वेळाने ती अर्धवट वितळलेला लगदा ओढून चुलीपुढच्या उतरत्या लोखंडी पाटावर घेतात, करडा मळ वेचून बाजूला टाकतात, गरज वाटली तर चिमूटभर चुना टाकतात आणि उरलेलं परत आत ढकलतात. पाटावर खोबण असते, तिच्यातून शिसं ओघळून खालच्या भांड्यात जमतं. तिथून पळीने साच्यात. वेचलेला मळही फुकट जात नसे. तो वेगळ्या, जास्त तापणाऱ्या भट्टीत जाई आणि त्यातूनही शिसं निघे. तासन्तास हेच. नजर, मनगट आणि भात्याचा आवाज यांवर सगळं चालायचं. तापमान मोजायचं साधन नाही, रंग बघून ओळखायचं.

मग चांदी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, चांदी ९६० च्या थोडं वर. पण वितळवून ती वेगळी होत नाहीत, एकमेकांत विरघळून बसतात. वेगळी होतात ती हवेमुळे. वितळलेल्या शिशावरून वारा फुंकला की शिसं गंजतं, त्याचं मुर्दाडशिंग होतं. चांदी गंजत नाही. म्हणून लोखंडी लंबगोल चौकटीत हाडांची राख ओलसर करून ठोकून ठोकून भरायची, तीत नेच्याच्या राखेची थोडी जोड द्यायची, वरून खोलगट करायची. ही झाली मूस. ती कोळशाच्या ज्वाळेखाली बसवायची, शिसं ओतायचं आणि भात्याचा वारा थेट पृष्ठभागावर सोडायचा. पिवळसर मुर्दाडशिंग तवंगासारखं वर येतं, वाऱ्याने पुढे सरकतं, काठावर कोरलेल्या चरीतून बाहेर ओघळतं. काही राखेत मुरतं. शिसं कमी होईल तसतसं नवं ओतत राहायचं. तळाशी चांदी साठत जाते.

शेवटचा क्षण मी माझ्या प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत असंख्य वेळा पाहिला आहे आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही. थेंब लहान होत जातो. त्यावर इंद्रधनुषी पट्टे फिरायला लागतात, आधी सावकाश, मग भराभर. शिशाचा शेवटचा पापुद्रा फाटतो आणि थेंब एकदम लख्ख होतो. लँग्लीला हेच मोठ्या मापात व्हायचं. तिथल्या गाळणाऱ्याला आणखी एक सांभाळावं लागे: वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिऊन बसते आणि थंड होताना तो फेकून देते, तेव्हा तिचे शिंतोडे उडतात. घाईने थंड केलं तर चांदी भट्टीभर होते.

आता हिशेब. टनामागे आठ औंस चांदी म्हणजे किती? साधारण चार हजार भाग शिशात एक भाग. तीस ग्रॅम शिसं घेऊन मी परीक्षण केलं तर हातात साडेसात मिलिग्रॅमची गोळी येते, मोहरीच्या दाण्याएवढी. टांकसाळीचा भाव ठरलेला होता: स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध, चांदीला औंसामागे ५ शिलिंग २ पेन्स (पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगाचे बारा पेन्स). शुद्ध चांदीच्या आठ औंसांचे म्हणजे सव्वादोन पौंडांच्या आसपास झाले. त्यातून कोळसा, हाडांची राख आणि मजुरी वजा करायची. मुर्दाडशिंग पुन्हा भट्टीत घालून शिसं परत मिळवायचं, त्याचा खर्च वजा करायचा. प्रत्येक फेरीत थोडं शिसं धुरावाटे उडून जाई, ते सगळ्यात महाग पडायचं. एवढं करून आठ औंसांच्या खालच्या शिशातून चांदी काढणं परवडत नसे, ते तसंच विकलं जाई. डर्बीशायरच्या शिशात चांदी इतकी कमी की तिथे हा खटाटोप कोणी करत नसे. पेनाइनच्या शिशाने मात्र त्या रेषेवर कायम इकडे-तिकडे करायला लावलं. एका शिरेचं शिसं शुद्धीकरणाला पाठवायचं की नाही हा निर्णय कारभाऱ्याचा, आणि त्या निर्णयाच्या मागे परीक्षकाची मोहरीएवढी गोळी. मला या साऱ्या इतिहासात सर्वात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

चांदी जायची कुठे? न्यूकॅसलला १७०२ पासून पुन्हा शिक्के मारणारी परीक्षा कचेरी होती, तिथल्या सोनारांची भांडी तीन किल्ल्यांच्या शिक्क्याने ओळखली जातात. बाजारात चांदीचा भाव बहुधा टांकसाळीपेक्षा चढा असे, त्यामुळे या शतकात इंग्लंडमध्ये चांदीची नाणी फार कमी पाडली गेली. पण लंडन लेड कंपनीने टांकसाळीला चांदी पुरवली, आणि ॲन राणी व पहिल्या-दुसऱ्या जॉर्जच्या काही नाण्यांवर तिची खूण आहे: गुलाब आणि पिसांचे तुरे. पिसं वेल्सच्या खाणींची, गुलाब इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या. असं नाणं हातात आलं की मी आधी राजाचा चेहरा बघत नाही.

शेजारच्या ॲलनडेल आणि वीअरडेलमध्ये वेगळी तऱ्हा होती. तिथे ब्लॅकेट घराणं स्वतःच खाणी चालवायचं, स्वतःच गाळायचं. सर विल्यम ब्लॅकेट १७२८ साली वारला तेव्हा त्याला औरस संतान नव्हतं. मृत्युपत्रात अट घातली की त्याची अनौरस मुलगी एलिझाबेथ ऑर्ड हिच्याशी त्याचा भाचा वॉल्टर कॅल्व्हर्ली याने वर्षाच्या आत लग्न करावं आणि ब्लॅकेट आडनाव लावावं, तरच सगळं त्याचं. भाच्याने दोन्ही केलं. वॉलिंग्टनचा वाडा, खाणी, आणि त्यांच्यावरचं भलंमोठं कर्ज त्याच्या पदरात पडलं. हा सर वॉल्टर १७३४ पासून १७७७ मध्ये मरेपर्यंत न्यूकॅसलचा खासदार होता. निवडणुका, दानधर्म, बागा, तळी या सगळ्याला शिशाचा पैसा. पण तो पैसा मिळवून देणारे त्याचे कारभारी होते, आणि त्यांच्या पत्रांतून माणूस कळतो तो मालकाच्या चित्रातून कळत नाही.

त्यांच्या डोक्याला काय काय ताप होते! खाणकामगार रोजावर नसत. चार ते आठ जणांची टोळी कारभाऱ्याशी तिमाहीचा सौदा करायची: अमुक शिरेवर, बिंगामागे अमुक शिलिंग. दगड कठीण निघाला तर टोळी बुडाली, शीर अचानक रुंद झाली तर मालकाने जास्त भाव दिला असं ठरायचं. म्हणून कारभाऱ्याला खाली उतरून, मेणबत्ती धरून शीर बघून भाव बोलावा लागे. हिशेब वर्षातून एकदा. तोवर महिन्याच्या महिन्याला उचल. वर्षअखेरीला उचल वजा जाऊन हातात काही पडलं तर पडलं, नाहीतर माणूस पुढच्या वर्षात कर्ज घेऊनच शिरायचा. महागाईच्या वर्षी कारभारी बाहेरून धान्य मागवून ठेवत, कारण उपाशी टोळी शीर सोडून निघून जाते. ते दयेपोटी होतं की हिशेबापोटी, हे वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही.

ब्लॅकेटांची मोठी भट्टी हेक्समशायरमध्ये ड्यूक्सफील्डला, डेव्हिल्स वॉटर नावाच्या ओढ्याकाठी. हाच ओढा खाली डिल्स्टनच्या पडक्या बुरुजापाशी जातो. भट्टीच्या धुराची वाट पेलणाऱ्या दोन दगडी कमानी झाडीत अजून उभ्या आहेत. मी तिथे पावसाळी हवेत जाते तेव्हा वाट चिखलाची असते, आणि त्या वाटेवरून तट्टांच्या रांगा शिसं घेऊन जायच्या हे सहज पटतं. तट्टांच्या तोंडाला मुसकी बांधलेली असत. ओझं असताना चरत बसू नयेत म्हणून नाही. वाटेकडेच्या गवतावर शिशाची धूळ बसलेली असे आणि ते खाल्लं की तट्टू मरे.

जनावराला मुसकं बांधायचं सुचलं, कारण जनावराची किंमत चोपडीत होती. माणसांच्या पोटातला मुरडा, महिनाभर न सुटणारी बद्धकोष्ठता, लुळं पडलेलं मनगट या गोष्टींना तिथे खातंच नव्हतं. आणि शिसं पोटात काय करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. डेव्हनमधल्या सफरचंदाच्या दारूने होणारी पोटदुखी शिशामुळे आहे, हे डॉक्टर जॉर्ज बेकरने १७६७ मध्ये दाखवून दिलं, म्हणजे लँग्लीची भट्टी उभी राहत होती त्याच वर्षी. धूर लांब आडव्या धुराड्यातून नेऊन थंड करावा, म्हणजे त्यातलं शिसं भिंतींना चिकटेल, ही कल्पना रसायनशास्त्र जाणणाऱ्या रिचर्ड वॉटसन नावाच्या बिशपने मांडली. पुढे डोंगरावर चढत जाणारी लांबच लांब धुराडी बांधली गेली, लँग्लीचं उंच धुराडं आजही रस्त्यावरून दिसतं. पण ती बांधली गेली त्याचं मोठं कारण म्हणजे भिंती खरवडून शिसं परत मिळत होतं. खरवडायला आत जाणारी माणसंच होती. मला या गोष्टीचा राग येतो, आणि दोनशे-अडीचशे वर्षांनी राग येऊन काय उपयोग असं कुणी म्हटलं तरी येतो. माझ्या प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारा पंखा बंद असेल तर मी भट्टी पेटवत नाही.

स्मीटनबद्दल राहिलेलं सांगते. १७७६ साली त्याने आणि सहकारी कारभारी वॉल्टन याने ॲल्स्टनपासून नेंटहेडच्या दिशेने डोंगराच्या पोटातून एक बोगदा सुरू केला, नेंट फोर्स लेव्हल. खाणींचं पाणी निचरावं, वाटेत नव्या शिरा लागाव्यात, आणि माल होडीने बाहेर यावा. पुढच्या वर्षी स्मीटनने कारभारीपण सोडलं. बोगदा खणणं मात्र १८४२ पर्यंत चालू राहिलं, जवळजवळ पाच मैल. खर्च प्रचंड झाला, आणि शिसं लागलं ते नगण्य. एका अर्थाने जहागिरीच्या शिस्तीची ही उलटी बाजू. खाजगी मालक असता तर वीस वर्षांत कंटाळून थांबला असता. मंडळ माणसं बदलली तरी तसंच पुढे चालत राहतं. हेक्समचा त्याचा पूलही दुर्दैवी ठरला, १७८० ला पुरा झाला आणि १७८२ च्या मार्चमधल्या पुरात गेला. एवढ्या थोर माणसाला त्याचं किती लागलं असेल.

आठ औंसांची अट मोडली ती मात्र भट्टीवाल्याने नाही, खाणमालकाने नाही. ह्यू ली पॅटिन्सन हा ॲल्स्टनचाच. १८२५ मध्ये तो तिथे रुग्णालयाचा परीक्षक झाला. वितळलेलं शिसं सावकाश निवत असताना आधी जे स्फटिक धरतात त्यांच्यात चांदी कमी असते, हे त्याने हेरलं. भोकाच्या झाऱ्याने ते स्फटिक काढून घ्यायचे, उरलेला रस चांदीने जड होत जातो. लोखंडी कढयांच्या रांगेत हेच पुन्हा पुन्हा करायचं, आणि शेवटचा थोडासा जड रसच तेवढा हाडांच्या राखेवर न्यायचा. १८३३ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्यानंतर टनाला दोन-तीन औंस असलेलं शिसंही शुद्ध करणं परवडू लागलं.

त्याआधीचं हजारो टन शिसं तोवर छपरांवर, पन्हळींत आणि खिडक्यांच्या पट्ट्यांत जाऊन बसलं होतं, आपल्यातली चांदी घेऊन. आजही एखाद्या जुन्या छपराच्या शिशाचा तुकडा परीक्षणाला आला की मी चांदीचा आकडा आधी बघते. तो सहा-सात औंसांकडे झुकला, तर ते पत्रे पॅटिन्सनच्या आधी ओतलेले असण्याची शक्यता बरीच वाढते.